एचटीओत हाडाच्या फटीत काय भरायचं: स्वतःचं हाड, बँकेतलं, का पावडर?

माझं एचटीओ, म्हणजे गुडघ्याखालचं हाड कापून वाकलेला पाय सरळ करायचं ऑपरेशन, झाल्यापासून चारपाच जण तरी हाच प्रश्न घेऊन आले, भाऊ ग्राफ्ट (कापल्यावर उरलेल्या फटीत भरायचा माल) कोणता टाकू, डॉक्टर म्हणते इंपोर्टेड टाका. त्यात एक साळ्याच्या ऑफिसातला, एक आमच्याच गल्लीतल्या मावशींचा जावई. मी प्रत्येकाला उलटा एकच प्रश्न करतो, फट किती मिलिमीटरची? अजून एकाकडेही उत्तर निघालं नाही. म्हणजे दुकानात जाऊन कापड निवडून राहिले आणि माप घरीच विसरले. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. मी डॉक्टर नाही, डाव्या गुडघ्याचा पेशंट आहे आणि फाइल घेऊन नागपुरात धंतोली ते रामदासपेठ भरपूर फिरलोय, इतकीच पात्रता.

ऑपरेशन काय ते आधी. गुडघा आतल्या बाजूनं झिजलाय, पाय धनुकलीसारखे बाहेर वाकलेत, पण बाहेरची अर्धी बाजू अजून चांगली आहे आणि वय गुडघा बदलायचं नाही, अशा माणसाची नडगी गुडघ्याच्या जरा खाली आतून तिरपी कापतात. पार नाही कापत, बाहेरच्या बाजूला सेंटिमीटरभर हाड सोडतात, ती झाली बिजागरी. मग दार किलकिलं करावं तसं ते कापलेलं हळूहळू उघडायचं, पाय सरळ झाला की वरून प्लेट आणि स्क्रू. शरीराचा भार झिजलेल्या बाजूवरून चांगल्या बाजूकडे सरकतो. आत जी उरते ती त्रिकोणी फट, पाचर ठोकायला असते तशी.

याची एक जुनी पद्धत पण आहे, बाहेरून हाडाची पाचर काढून फट मिटवून टाकायची. कॉव्हेंट्री नावाच्या सर्जननं १९६५ मध्ये ती मांडली, मेयो क्लिनिकमधून, म्हणजे अमेरिकेतलं मेयो, आपलं नागपूरच्या सीए रोडवरचं मेयो हॉस्पिटल नाही (मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरंच आपलंच वाटलं होतं). तिच्यात हाडाला हाड चिकटतं म्हणून ग्राफ्टचा प्रश्नच नाही, पण बाजूच्या बारीक हाडाचं काहीतरी करावं लागतं आणि तिथून पायाचा पंजा उचलणारी नस जाते, ती जपावी लागते. तर तुमचं ऑपरेशन मिटवायचं आहे का उघडायचं आहे, हे पहिले विचारा. मिटवायचं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

आता माप. त्यासाठी साधा गुडघ्याचा एक्सरे चालत नाही, स्कॅनोग्राम लागतो, उभं राहून खुब्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय एका फिल्मवर. खुब्याच्या गोळ्यापासून घोट्याच्या मधोमध रेघ मारली की ती गुडघ्यातून कुठून जाते ते दिसतं. माझी रेघ गुडघ्याच्या आतल्या कडेलाही लागत नव्हती, बाहेर हवेतून चालली होती. ही रेघ गुडघ्याच्या मध्यापासून थोडी बाहेरच्या बाजूला आणायची असते. आतल्या कडेपासून मोजलं तर ६२.५ टक्क्यांवर एक जागा आहे, फुजिसावा पॉइंट म्हणतात तिला, जपानी सर्जनच्या नावावरून, पण आजकाल बरेच डॉक्टर त्याच्या अलीकडेच थांबतात. रेघ किती सरकवायची त्यावरून कोन निघतो आणि कोनावरून फट. ढोबळमानानं एक डिग्रीला एक मिलिमीटर धरा. माझा कोन ११ डिग्री, कापायच्या जागी हाडाची रुंदी ६२ मिलिमीटर, गुणाकार केला (टॅनजंटचा, पोराच्या कॅल्क्युलेटरवर) तर १२ मिलिमीटर. बस, हा आकडा हातात आला आणि निम्मी चर्चा आपोआप मिटली.

कारण दहाच्या आसपास एक लक्ष्मणरेषा आहे. फट १० मिलिमीटर किंवा कमी, प्लेट लॉकिंगवाली म्हणजे स्क्रूचं डोकं प्लेटमध्येच आटे धरून बसतं ती, बिजागरी शाबूत, आणि माणूस तंबाखू न खाणारा, तर फटीत काहीही न भरता हाड स्वतःच भरून येतं. काहीही म्हणजे काहीही नाही, झिरो. फिजिओथेरपीला माझ्या बाजूच्या टेबलवर एक शिक्षक यायचे, त्यांची फट ८ मिलिमीटर, आत काही टाकलं नाही, आणि माझ्या आधी काठी सोडून मोकळे झाले. त्यांना आधी दुसरीकडे पावडरचा खर्च सांगितला होता, कशासाठी ते देवाला माहीत.

मग ग्राफ्ट लागतो कधी? फट १० च्या वर गेली, बिजागरी ऑपरेशनमध्येच तडकली, वजन खूप आहे, तंबाखू आहे, किंवा आधीचं एक ऑपरेशन जुळलंच नाही. यातलं काही असेल तर भरण्याचा विचार करायचा. आणि नेमकं काय भरायचं ते समजायला ग्राफ्ट करतो काय ते समजून घ्या, इथे बहुतेकांची गडबड होते, माझीही झाली होती.

ग्राफ्टला मराठीत कलम म्हणतात. माझ्या सासऱ्यांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, तिथे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात आणि तोच डोळा पुढे झाड होतो. मला वाटलं हाडाचं पण तसंच, टाकलेला तुकडाच वाढून हाड होईल. तसं नाही. टाकलेला तुकडा बराचसा मांडवाचं काम करतो, कारल्याच्या वेलाला असतो तो मांडव, वेल तुमच्याच हाडातून येतो, मांडवावर चढतो आणि मांडव हळूहळू विरून जातो. आणि वेल चढेपर्यंत पाय कोण धरून ठेवतं तर प्लेट. ग्राफ्ट पाय धरत नाही, प्लेट आणि बिजागरी धरतात. एस्टिमेटमध्ये प्लेट साधी आणि पावडर महागाची दिसली तर मी तिथेच थांबलो असतो.

तर चांगल्या ग्राफ्टमध्ये तीन गोष्टी बघतात: मांडव आहे का, वेलाला बोलावणारं खत आहे का, आणि त्यात जिवंत रोपं म्हणजे हाड बनवणाऱ्या पेशी आहेत का. तिन्ही एकत्र फक्त एकाच मालात मिळतात, तुमच्या स्वतःच्या हाडात.

ते काढतात कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेतून, पँटचा पट्टा बसतो ना, तिथली उंचवटलेली कड. मालाचा खर्च शून्य, कोणाचा आजार लागायची भीती नाही, आणि जुळण्याच्या बाबतीत अजूनही बाकी सगळे याच्याशीच तुलना करून मोजले जातात. मी हेच घेतलं. पण याची किंमत कशात मोजावी लागते ते नीट सांगतो कारण डॉक्टर एका वाक्यात उरकतात. गुडघा चौथ्या दिवशी सहन होत होता, कमर नाही. खोकला आला की कमर, कूस बदलली की कमर, आणि पायजम्याची नाडी बरोब्बर त्या टाक्यांवर. बायकोनं शेवटी दोन लुंग्या आणून दिल्या आणि म्हणाली घाला जी, कोण बघून राहिलं तुमाला. पंधरावीस दिवस असं चाललं, काहींना महिनोन्महिने चालतं. शिवाय तिथून मांडीच्या बाहेरच्या बाजूची चामडी सांभाळणारी नस जाते, ती दुखावली तर मांडीचा एक पट्टा बधिर होतो. माझा तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे, डास चावला तरी कळत नाही. बाकी रक्त साचणं, इन्फेक्शन, हे दुसऱ्या जखमेसोबत येणारे धोके आहेतच. आणि ऑपरेशनचा वेळ वाढतो.

दुसरा पर्याय बँकेतलं हाड, अॅलोग्राफ्ट. खुबा बदलायच्या ऑपरेशनमध्ये जो हाडाचा गोळा काढून टाकतात तो दात्याच्या परवानगीनं जपून ठेवतात, किंवा मरणोत्तर दान केलेलं हाड. एकतर उणे ७०-८० डिग्रीच्या फ्रीझरमध्ये, नाहीतर वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून पाकिटात. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलची टिश्यू बँक १९८८ पासून हे काम करते. यात जिवंत पेशी राहत नाहीत, खत थोडं उरतं, मांडव मात्र खऱ्या हाडाचा, त्यामुळे पाचरीच्या आकारात कापून घट्ट बसवता येतो आणि वर थोडा भारही घेतो. कमर वाचते. जुळायला स्वतःच्या हाडापेक्षा थोडा जास्त वेळ लागू शकतो. घरच्यांना यात एकच भीती असते, दुसऱ्याचं हाड, त्याला काही रोग असला तर? दात्याची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस अशी तपासणी होते आणि किरणांचा डोस साधारण २५ किलोग्रे असतो, धोका फारच कमी. पण तो कमी तेव्हाच जेव्हा माल नोंदणी असलेल्या बँकेतून येतो. अवयवदानाचा १९९४ चा कायदा २०११ मध्ये बदलला तेव्हापासून टिश्यू बँकापण त्यात येतात, त्यामुळे पाकिटावर बँकेचं नाव, बॅच नंबर, कसं निर्जंतुक केलं आणि एक्सपायरी, हे सगळं पाहिजेच. नसेल तर नाही म्हणायचं, लाजायचं काय त्यात.

तिसरा, ज्याला सगळे पावडर म्हणतात तो कृत्रिम माल. पावडर एकाच प्रकारची नसते आणि एस्टिमेटमध्ये नुसतं बोन सबस्टिट्यूट लिहून मोकळे होतात. कॅल्शियम सल्फेट म्हणजे सरळ प्लास्टर ऑफ पॅरिसचा भाऊ, १८९२ पासून हाडातली पोकळी भरायला वापरतात, पण ते दीडदोन महिन्यांत विरघळून जातं, मोठ्या फटीत वेल चढायच्या आधीच मांडव गायब, आणि कधीकधी जखमेतून पांढुरकं पाणी येत राहतं. दुसऱ्या टोकाला हायड्रॉक्सीअॅपटाइट, आपल्या हाडात जे खनिज असतं तेच, कडक, पण वर्षानुवर्षं विरघळत नाही. मधलं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, ते सहा महिने ते दोन वर्षांत बरंचसं जाऊन त्या जागी हाड येतं. या शेवटच्या दोघांचं मिश्रण करून बायफेजिक नावानं विकतात, थोडं लवकर जाणारं थोडं टिकणारं. या सगळ्यात मांडव आहे, खत नाही, रोपं नाहीत. मला कृत्रिमच घ्यायचं असतं तर ट्रायकॅल्शियम किंवा बायफेजिक घेतलं असतं, आणि दाण्यांपेक्षा पाचरीच्या आकाराचा ठोकळा, कारण दाणे फटीतून बाहेर मांसात सांडू शकतात.

ठोकळ्याचीही एक गोम आहे. एक्सरेत तो पांढराशुभ्र दिसतो, पहिल्या दिवसापासून. घरचे खूश होतात, बघा भरलं. अरे ते हाड नाही, माल दिसून राहिला. खरं जुळलं का ते कळायला माल आणि तुमचं हाड यांच्यामधली काळी रेघ पुसट झाली का ते बघावं लागतं, शंका असेल तर सीटी. आणि पुढे पंधरा वर्षांनी गुडघा बदलायची वेळ आली आणि तो कडक ठोकळा तसाच बसलेला असला तर तेव्हाच्या सर्जनला तो आडवा येऊ शकतो. चाळिशीतल्या पेशंटनं हे आज विचारात घ्यायला पाहिजे.

आता एक नाजूक विषय, याबद्दल कोणी आपणहून सांगत नाही. काही माल गाईबैलाच्या हाडापासून बनतो, त्यातला सगळा जैविक भाग काढून नुसतं खनिज ठेवतात, काही डुकराच्या कोलेजनसोबत येतो. वैद्यकीयदृष्ट्या त्यात घाण काही नाही. पण तुमच्या घरात, तुमच्या मनाला ते चालतं का हे ऑपरेशनच्या आधी ठरलं पाहिजे. जनावराचं हाड माणसात बसवायची सगळ्यात जुनी नोंद १६६८ ची, एका डच सर्जननं लिहिलेली, रशियन सैनिकाच्या कवटीला कुत्र्याचं हाड लावलं, चर्चनं त्या सैनिकाला धर्माबाहेर काढलं, तो ते हाड काढून घ्यायला परत आला तर म्हणे ते इतकं जुळलं होतं की निघेचना. तेव्हा आधीच विचारा, मालाचं मूळ काय, जनावर का खनिज.

याच्या वर जोड म्हणून पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेटचा भाग), बोन मॅरोचं इंजेक्शन, बीएमपी अशी नावं येतात. बीएमपी म्हणजे हाड वाढवणारं प्रथिन, नुसतं खत, दमदार आहे, पण महाग आणि साध्या एचटीओत लागत नाही. पीआरपीनं या फटीत ठोस फरक पडतो असं म्हणण्यासारखं काही मला सापडलं नाही, मी सरळ नाही म्हटलं. न जुळलेल्या जुन्या केसमध्ये गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर सांगतील ते ऐका.

पैशाचं. आकडे मी लिहीत नाही, दवाखान्या-दवाखान्यात फरक आहे. पण हिशोब तपासायची एक युक्ती देतो. पावडर सीसीवर विकतात, पाच सीसी, दहा सीसी. फट त्रिकोणी, म्हणून फटीची उंची गुणिले हाडाची रुंदी भागिले दोन, गुणिले खोली. माझ्या केसमध्ये १२ गुणिले ६२ भागिले २ म्हणजे ३७२, खोली ४५ मिलिमीटर धरली तर १६,७४० घन मिलिमीटर, जवळपास १७ सीसी. इतकं पूर्ण कोणी भरत नाही, बिजागरीकडचा भाग बहुतेक मोकळाच ठेवतात, पण अंदाज येतो. आठ मिलिमीटरच्या फटीसाठी कोणी तीस सीसी लावलं असेल तर विचारायचा हक्क आहे. मला पहिल्या ठिकाणी जे एस्टिमेट मिळालं त्यात ग्राफ्टच्या रकान्यात नुसती रक्कम होती, ना नाव ना सीसी, आणि मी फट किती विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला ते ओटीत (ऑपरेशन थिएटरात) ठरते. शेवटचा मिलिमीटर ओटीत ठरतो हे खरं आहे, पण प्लॅन आधी असतो. दुसऱ्या डॉक्टरांनी स्कॅनोग्रामवर पेन्सिलनं रेघा मारून पाच मिनिटांत १२ सांगितलं, मी तिथेच केलं.

अजून एक, गुडघा बदलायच्या सांध्यांच्या किमतीवर सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली, लोक तोच नियम इथे लावायला जातात. ती मर्यादा सांध्याला आहे, एचटीओच्या प्लेटला आणि पावडरला नाही. त्यामुळे प्लेट आणि ग्राफ्ट, दोन्हीची एमआरपी वेगवेगळी लिहून मागायची. इन्शुरन्स असेल तर प्री-ऑथमध्येच (आधीच्या मंजुरीच्या अर्जात) ग्राफ्टचं नाव टाकायला लावा, नाहीतर डिस्चार्जच्या दिवशी तो नॉन-पेएबलमध्ये जाऊन बसतो. सरकारी आरोग्य योजनेतून करत असाल तर दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला, विचारा की पॅकेजमध्ये ग्राफ्ट धरलाय का.

डॉक्टरकडे जाताना मी लाइट बिलाच्या मागे लिहून नेलं होतं, तुम्हीही न्या: फट किती, प्लेट लॉकिंग का, काहीच न भरता होईल का, भरायचं तर का, माझं कमरेचं हाड का नको, बाहेरचं असेल तर मूळ काय आणि विरघळायला किती दिवस, बिजागरी तडकली तर दुसरा प्लॅन काय. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण समजा विना ग्राफ्ट करायचं ठरलं आणि आत बिजागरी तडकली तर बेशुद्ध असताना कमरेतून हाड काढायची परवानगी आधीच कागदावर पाहिजे.

आता माझी चूक. मी खर्रा (सुपारी-तंबाखू घोटून केलेला) खायचो, दिवसाचे चार. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी बजावलं, किमान महिनाभर आधी बंद आणि हाड जुळेपर्यंत बंद, निकोटिननं रक्तवाहिन्या आवळतात आणि नवीन हाडाला रक्तच पोचत नाही. मी बंद केला, पोळ्याच्या आठवड्यात ऑपरेशन झालं, मारबतीची मिरवणूक घरी लोळत टीव्हीवर बघितली, सगळं ठीक. आणि तिसऱ्या आठवड्यात एक मित्र भेटायला आला, खिशात ताजा घोटलेला, पन्नीसकट. मग रोजचा एक. सहा आठवड्यांच्या एक्सरेत डॉक्टरांनी पेनचं टोक फटीवर ठेवलं. फट बिजागरीकडून आतल्या बाजूला भरत येते, बाहेरून आत, माझ्यात बिजागरीपाशी नखाएवढा ढग होता आणि बाकी काळं. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, किती? मी म्हटलं एकच जी. कमरेतून काढलेलं, तिन्ही गुणांचं हाड आत होतं, तरी ते हाल. त्या दिवसापासून बंद. दिवाळीत पाय टेकवत होतो, पूर्ण भार मात्र संक्रांतीला मिळाला, म्हणजे साडेचार महिने. निकोटिनचं च्युइंगगम पण निकोटिनच आहे, ती पळवाट काढू नका. सोबत शुगर आणि व्हिटॅमिन डी ऑपरेशनच्या आधी तपासून घ्या, माझं डी इतकं कमी निघालं की हसूच आलं, नागपूरच्या उन्हात राहून.

घरी आल्यावर ग्राफ्ट कोणताही असो, ताप, जखमेतून पाणी, पोटरी सुजून टणक होणं, किंवा अचानक बाहेरच्या बाजूला कट्ट झाल्यासारखं दुखणं, यातलं काहीही झालं तर तारखेची वाट न बघता जायचं. भार किती टाकायचा ते शेजारच्याला विचारून ठरवायचं नाही, त्याची फट वेगळी.

प्लेट नडगीच्या आतल्या बाजूला कातडीखालीच असते, मांडी घालून जेवायला बसलं की टोचते. बरेच जण वर्षदीड वर्षानं काढून टाकतात, पण फट पूर्ण भरलेली दिसल्यावरच. माझी अजून आहे, उन्हाळा गेला की बघू.

आणि डिस्चार्जच्या वेळी प्लेटचे, स्क्रूचे, ग्राफ्टचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेत का ते स्वतः बघा, कमरेचं हाड घेतलं असेल तर तसं ऑपरेशन नोटमध्ये लिहिलंय का तेही. आमच्या फाइलमध्ये एक स्टिकर कमी होतं, बायको परत वर जाऊन घेऊन आली तोवर ऑटोवाला खाली ओरडून राहिला होता.